पीतबिंदूचा वार्धक्यजन्य ऱ्हास : आनुवंशिक आणि बाह्य जोखीमघटक

दृष्टिपटलाच्या मध्यभागी सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही बारीक नजरेची कामे त्याच्यावर चालतात. पन्नाशीनंतर या भागाची झीज होण्याचा विकार म्हणजे वार्धक्यजन्य ऱ्हास, बोलीत ‘मॅक्युलर डिजनरेशन’. कडेची नजर शाबूत राहते, मधली जाते. वय हा त्याचा सर्वांत मोठा जोखीमघटक आहे. पण एकाच वयाच्या दोघांपैकी एकालाच तो का होतो, याचे उत्तर जनुके आणि सवयी यांत मिळून सापडते.

प्रकाशग्राही पेशींची टोके रोज झडतात आणि त्यांच्याखालचा रंगद्रव्यपेशींचा थर ती गिळून पचवतो. वयानुसार ही सफाई मंदावते. मेद आणि प्रथिनांचा न पचलेला गाळ त्या थराखाली पिवळसर ठिपक्यांच्या रूपात साचतो, हेच ड्रुसेन. ६३ मायक्रॉनपेक्षा लहान, तुरळक ठिपके उतारवयात बहुतेकांना असतात आणि त्यांची चिंता नसते. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे ठिपके मात्र पुढच्या धोक्याची खूण ठरतात. पुढे पेशींचे पट्टेच्या पट्टे मरतात तो कोरडा प्रकार. खालून नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात तो ओला प्रकार. ओल्या प्रकारात नजर काही आठवड्यांतही ढासळू शकते.

आनुवंशिकतेचा मोठा धागा २००५ मध्ये हाती लागला. रोगप्रतिकारक्षमतेतील ‘कॉम्प्लिमेंट’ ही प्रथिनांची साखळी जंतूंवर तुटून पडते. ती आपल्याच ऊतींवर उलटू नये म्हणून ‘फॅक्टर एच’ हे प्रथिन लगाम घालते. त्याचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. या प्रथिनाच्या ४०२ व्या स्थानी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन आले की लगाम सैल पडतो आणि ड्रुसेनभोवती दाह धुमसत राहतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल एका पालकाकडून आल्यास जोखीम साधारण अडीचपट, दोघांकडून आल्यास पाच ते सातपट आढळली. पूर्व आशियाई लोकांत हा बदल बराच विरळ आहे, त्यामुळे हे आकडे सर्व वंशांना सरसकट लावणे चूक.

दुसरी महत्त्वाची जागा दहाव्या गुणसूत्रावर आहे. तेथे ‘एआरएमएस२’ आणि ‘एचटीआरए१’ ही जनुके इतकी शेजारी आहेत की त्यांतले बदल बहुधा जोडीनेच वारशात येतात. खरा दोषी कोण, हा वाद त्यामुळेच रेंगाळला. २०१६ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने ३४ जागांवरचे ५२ बदल नोंदवले.

बदलता येण्याजोग्या घटकांत धूम्रपानाच्या जवळपास दुसरे काही येत नाही. त्याने जोखीम दुप्पट ते चौपट होते. सदोष जनुकाची जोड मिळाली की आणखी चढते. सोडल्यावर ती हळूहळू उतरते, पण त्याला वर्षे लागतात. स्थूलता, उच्च रक्तदाब आणि पालेभाज्या-मासे कमी असलेला आहार यांचाही संबंध दिसतो. उन्हाबद्दल बोलले जाते त्या मानाने पुरावा कच्चा आहे. अतिनील किरणांचा ठोस संबंध मोतीबिंदूच्या एका प्रकाराशी आहे आणि दोन्ही आजार एकाच पिशवीत घातल्याने हा घोळ होतो.

पूरक गोळ्यांच्या बाबतीत गफलत अधिक. २००१ च्या चाचणीत व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० एकक, बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम आणि तांबे २ मिलिग्रॅम असे रोजचे मिश्रण होते. इतक्या जस्ताने शरीरातले तांबे घटते, म्हणून ते वेगळे घातले. मध्यम टप्प्यातील, किंवा एका डोळ्यात रोग बळावलेल्या रुग्णांत पाच वर्षांत तो वाढण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. बीटा-कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे २०१३ पासून त्याजागी ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम आले. केवळ घरात कोणाला आजार आहे म्हणून निरोगी डोळ्यांसाठी या गोळ्या घेण्यास आधार नाही.

व्यवहारात जनुकचाचणीपेक्षा बाहुली मोठी करून केलेली तपासणी उपयोगी पडते. प्रत्येक डोळ्यात मोठे ड्रुसेन असल्यास एक गुण, रंगद्रव्यात बदल असल्यास आणखी एक. दोन्ही डोळ्यांची बेरीज ०, १, २, ३ किंवा ४ आली, तर पाच वर्षांत प्रगत रोग होण्याची शक्यता अनुक्रमे सुमारे ०.५, ३, १२, २५ आणि ५० टक्के. जनुकचाचणीचा निकाल उपचार फारसा बदलत नाही, म्हणून अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना ती सरसकट करू नये असेच सांगते.

जोखीम असलेल्यांनी घरी अ‍ॅम्सलर जाळी (उभ्या-आडव्या रेषांचा, मधोमध ठिपका असलेला तक्ता) वापरावी : वाचनाचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटरवर धरून, एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसू लागल्यास काही दिवसांतच डोळे दाखवावेत. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो.