वरच्या पातळीचे विज्ञान कोर्स (अमेरिकेतील प्री-मेड)

अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जात नाही. आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे मेडिकल स्कूल, असा तिथला रस्ता आहे. पदवीच्या काळातल्या या तयारीला प्री-मेड म्हणतात. प्री-मेड ही पदवी नाही आणि विद्याशाखाही नाही. इतिहासात किंवा संगीतात पदवी घेणारी मुलगीही प्री-मेड असू शकते. सगळ्यांना लागणारे पायाभूत कोर्स संपले की विद्यार्थी जीवरसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, आनुवंशिकी, पेशी जीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र असे प्रगत विषय निवडतो. बोलण्यात त्यांना सरसकट ‘अप्पर लेव्हल’ म्हटले जाते. बहुतेक विद्यापीठांत कोर्सच्या क्रमांकावरूनच पातळी कळते: १०० आणि २०० च्या घरातले खालचे, ३०० आणि ४०० चे वरचे. हा नियम सार्वत्रिक मात्र नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात १०० च्या पुढचे क्रमांकच वरच्या पातळीचे असतात, त्यामुळे नुसता आकडा पाहून दोन विद्यापीठांची तुलना करणे फसवे ठरते.

पायाभूत कोर्सची यादी जवळजवळ ठरलेली आहे. जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे प्रत्येकी एक वर्ष, प्रयोगशाळेसह. त्यात जीवरसायनशास्त्राचे एक सत्र, थोडे इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र, आणि अलीकडे मानसशास्त्र व समाजशास्त्र यांची भर पडते. खरी निवड सुरू होते ती यापुढे. तिथे नियम संपतात आणि ‘आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाने तर हिस्टॉलॉजी घेतलं होतं’ अशी चर्चा सुरू होते.

ही अट आली कुठून

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टरची मूळ पदवी आहे, आपल्याकडच्यासारखी पदव्युत्तर नव्हे. त्या काळी ही गोष्ट अपवादात्मक नव्हती. अमेरिकेतल्या बहुतेक वैद्यकीय शाळा पदवी मागतच नसत. १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचे मेडिकल स्कूल उघडले आणि त्याने मात्र पदवी आणि विज्ञानाची पूर्वतयारी दोन्ही मागितली. पुढे कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी केली. त्यांच्या १९१० च्या अहवालाने हॉपकिन्सचा नमुना साऱ्या देशापुढे ठेवला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र ही तिकडी प्री-मेडच्या डोक्यावर बसली ती तेव्हापासून.

शंभरेक वर्षांनी तिला पहिला मोठा धक्का बसला. २००९ मध्ये अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी मिळून एक अहवाल काढला. अमुक कोर्स केला का, हे विचारण्यापेक्षा विद्यार्थ्याला काय येते ते पाहा, असा त्याचा सूर होता. २०१५ पासून एमकॅट ही प्रवेशपरीक्षा बदलली आणि तिच्यात जीवरसायनशास्त्राचे वजन एकदम वाढले. काही शाळांनी कोर्सची यादी सैल केली. यादी सैल झाल्याने निवड सोपी झाली असे मात्र नाही. पूर्वी ‘हे घ्या’ म्हणून सांगितले जायचे, आता ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतात.

शिडी आणि दिनदर्शिका

वरच्या पातळीच्या निवडीत आवडीनिवडीपेक्षा कॅलेंडर जास्त बोलते. जीवरसायनशास्त्राला सेंद्रिय रसायनशास्त्र आधी लागते, त्याला सामान्य रसायनशास्त्र. म्हणजे पहिले वर्ष सामान्य, दुसरे वर्ष सेंद्रिय आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात, साधारण ऑगस्ट ते डिसेंबर, जीवरसायनशास्त्र. एमकॅटच्या तारखा जानेवारीत आणि मग मार्च ते सप्टेंबर अशा असतात. एम.डी. शाळांचा सामायिक अर्ज मे महिन्यात उघडतो. पदवी संपताच मेडिकलला जायचे असेल तर हा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी करावा लागतो, कारण प्रवेशाची प्रक्रिया पुढचे वर्षभर चालते. थोडक्यात, अर्जावर ग्रेडसह दिसू शकतील असे वरच्या पातळीचे कोर्स प्रामुख्याने तिसऱ्या वर्षाच्या दोन सत्रांतच मावतात. पहिल्या वर्षी रसायनशास्त्र एक सत्र पुढे ढकलले तर जीवरसायनशास्त्र वसंत सत्रात जाते आणि एमकॅटचा अभ्यास त्याच्यावर आदळतो. चौथ्या वर्षीचे कोर्स अर्जात ‘पुढे घेणार’ म्हणून नोंदवता येतात, पण त्यांची ग्रेड तेव्हा अस्तित्वातच नसते. म्हणून अनेक जण पदवीनंतर एक वर्ष थांबतात. तिथे त्याला गॅप इयर म्हणतात, आणि त्याची कुणी लाज बाळगत नाही. मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला विद्यार्थ्याचे सरासरी वय चोविसाच्या आसपास असते ते यामुळेच.

कोणते विषय

एमकॅटचे चार भाग आहेत आणि गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. जीवशास्त्राच्या आणि रसायन-भौतिकाच्या भागात प्रत्येकी सुमारे चतुर्थांश प्रश्न पहिल्या सत्राच्या जीवरसायनशास्त्रातून येतात. अमिनो आम्लांची नावे, रचना, एकाक्षरी खुणा आणि विद्युतभार तोंडपाठ नसतील तर त्या परीक्षेत पावलोपावली अडखळायला होते. त्यामुळे हा विषय नावाला वरच्या पातळीचा असला तरी व्यवहारात पायाभूतच झाला आहे. त्याच्या दुसऱ्या सत्राची गरज मात्र बहुतेकांना नसते.

त्यानंतरचा उपयोगी विषय शरीरक्रियाशास्त्र. मूत्रपिंडात पाणी आणि क्षार कसे परत शोषले जातात, हृदयाच्या एका ठोक्यात दाब आणि आकारमान कसे बदलतात, हे एकदा नीट समजले की मेडिकल स्कूलमध्ये ते पुन्हा ओळखीचे वाटते. पेशी जीवशास्त्र आणि आनुवंशिकी हे विषय जीवशास्त्राच्या पदवीत आपसूकच येतात. रोगप्रतिकारशास्त्राबद्दल विद्यार्थी हटकून सांगतात की डोक्यावरून गेले. त्यात नावे आणि आकडे इतके आहेत की पहिल्या भेटीत काही बसत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्या भेटीची सोय आधी करून ठेवणे शहाणपणाचे. शरीररचनाशास्त्राची हौस खूप जणांना असते. पण पदवीच्या पातळीवर ते बहुधा पाठांतर असते, आणि मेडिकल स्कूल तेच सगळे स्वतः नव्याने शिकवते.

इथे एक गैरसमज घर करून आहे. वरचे विषय आधी उरकले की पुढे सोपे जाते, असे पालकांना वाटते. थोडे जातेही. पण पदवीत एका सत्रात जे शिकवतात ते मेडिकल स्कूलमध्ये काही आठवड्यांत आटोपते, तेव्हा आधीच्या ज्ञानाचा फायदा फार तर सुरुवातीचे काही आठवडे टिकतो. या कोर्सचे खरे काम वेगळे आहे: विद्यार्थ्याला अवघड विज्ञान पेलते याचा पुरावा देणे.

ग्रेडचा हिशेब

हा पुरावा एका आकड्यात मोजला जातो. एम.डी. शाळांची अर्ज यंत्रणा एकूण सरासरीखेरीज बीसीपीएम नावाची वेगळी सरासरी काढते. तिच्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित एवढेच मोजले जाते. वर्गवारी कोर्सच्या आशयावरून होते आणि तिच्यात गमती आहेत. मेंदूविज्ञान जीवशास्त्रात मोडते, म्हणून मोजले जाते. संख्याशास्त्र गणितात येते. मानसशास्त्र मात्र मोजत नाहीत, ते वर्तनशास्त्रात जाते. आहारशास्त्र आरोग्यविज्ञानात आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी अभियांत्रिकीत जाते. म्हणजे आहारशास्त्रात मिळवलेला ए एकूण सरासरी वर नेतो, विज्ञानाची नेत नाही.

आता एक उदाहरण. समजा एका विद्यार्थ्याचे विज्ञानाचे ४० क्रेडिट झाले आहेत आणि सरासरी ४ पैकी ३.७० आहे (ए म्हणजे पूर्ण ४). त्याने चार क्रेडिटचे भौतिक रसायनशास्त्र हौसेने घेतले आणि सी प्लस, म्हणजे २.३ मिळाले. सरासरी ३.५७ वर आली. पुढच्या चार-चार क्रेडिटच्या तीन विषयांत सरळ ए मिळवले तरी ती ३.६६ पर्यंतच चढते. पुन्हा ३.७० गाठायला आणखी दोन ए लागतात. एका सत्राची चूक भरून काढायला वर्ष जाते, आणि अर्ज तर मे महिन्यात आहे. तोच कोर्स पुन्हा घेतला तरी आधीची ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजल्या जातात. डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या परंपरेतली डॉक्टरची पदवी देणाऱ्या शाळांच्या अर्जात नवी ग्रेड जुनीची जागा घेत असे. ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली.

यावरून कुणी सोप्या कोर्सचा मार्ग धरतो. तोही फार चालत नाही, कारण निवड समिती कोर्सची नावे वाचते. तिसऱ्या वर्षी एकाच सत्रात तीन अवघड विज्ञान विषय पेलून दाखवणे आणि प्रत्येक सत्रात एकेक विषय रांगेने उरकणे, या दोन्हींतला फरक तिला दिसतो. पहिल्या वर्षी घसरलेल्याची बाजू तर वरच्या पातळीवरच सावरते. सुरुवातीला बी, नंतर सलग ए, ही चढती रेघ सपाट सरासरीपेक्षा बोलकी ठरते. पदवी संपल्यावरही अशी रेघ काढायची असेल तर पोस्ट-बॅक किंवा स्पेशल मास्टर्स कार्यक्रम असतात, आणि तिथे जवळजवळ सगळे वरच्या पातळीचेच विषय घ्यावे लागतात. खर्च मात्र मोठा.

ए.पी.ची अडचण आणि शिफारसपत्र

अमेरिकी हायस्कुलांत ए.पी. नावाची परीक्षा असते. तिच्यातल्या गुणांवर विद्यापीठ पहिल्या वर्षीचा कोर्स माफ करते. मराठी घरांत हे क्रेडिट मिळाले की पेढे वाटले जातात. पुढे कळते की अनेक मेडिकल स्कूल ते क्रेडिट पायाभूत अटीत धरत नाहीत, किंवा धरले तरी त्याच्या बदल्यात त्याच शाखेतला वरचा कोर्स मागतात. जीवशास्त्राचे ए.पी. असेल तर शरीरक्रियाशास्त्र किंवा आनुवंशिकी, प्रयोगशाळेसह. प्रत्येक शाळेचा नियम निराळा असतो. टेक्ससमधल्या बहुतेक शाळांचा तर अर्जच वेगळा आहे, आणि त्या जीवशास्त्राचे तास पहिल्या वर्षापलीकडे मागतात. ह्यूस्टन किंवा डलासच्या मुलाने न्यू जर्सीतल्या मावशीचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये तो यासाठी.

शिफारसपत्राची बाब अनेकांच्या उशिरा लक्षात येते. बहुतेक शाळांना विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रे लागतात, पुष्कळदा दोन. पहिल्या वर्षीच्या रसायनशास्त्राच्या वर्गात तीन-चारशे मुले असतात आणि प्राध्यापकाला एकही नाव ठाऊक नसते. वरच्या कोर्सला वीस-तीस जण. तिथे शोधनिबंध वाचून चर्चा होते, प्रयोग फसला तर का फसला ते सांगावे लागते. प्राध्यापक ज्या मुलीबद्दल दोन ओळींपेक्षा जास्त लिहू शकतो, ती त्याला बहुधा याच वर्गात भेटलेली असते. म्हणून विषय निवडताना कोर्स कोण शिकवतो आणि वर्ग किती मोठा आहे हे पाहणे, विषयाच्या नावाइतकेच महत्त्वाचे.

विज्ञान नको असलेले

मेडिकलला येणाऱ्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांची पदवी जीवशास्त्रातली असली तरी ती अट नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८७ मध्ये मानव्यविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी वाट उघडली. तिच्यात एमकॅट आणि सेंद्रिय रसायनशास्त्र दोन्हींतून सूट होती. वाङ्मय शिकणाऱ्याने वरच्या पातळीचे दोनच विषय, जीवरसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र, उत्तम केले तर तेवढ्यावर त्याचे बहुधा भागते.

पुण्यामुंबईत नीटच्या ७२० गुणांवर अठराव्या वर्षी निकाल लागतो, तर तिकडे त्याच वयाचे चुलत भावंड सामान्य रसायनशास्त्राच्या वर्गात नुकते बसलेले असते. भारतातून बी.एस्सी. करून गेलेल्यांपुढे आणखी एक पेच असतो. बहुतेक शाळा परदेशी विद्यापीठातले कोर्स पायाभूत अटीत मोजत नाहीत आणि निदान काही विषय अमेरिकेत, चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले हवेत असे सांगतात. अशा वेळी खालचा कोर्स पुन्हा घेण्यापेक्षा वरचा घेता येईल का, हे शाळेला आधीच विचारून ठेवतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या परवान्यावर, वाढलेल्या मुलांची अडचण विषयांपलीकडची आहे. अनेक मेडिकल स्कूल नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांचे अर्ज विचारातच घेत नाहीत, आणि एकविसावे वर्ष पूर्ण झाले की तो व्हिसाही संपतो. तिसऱ्या वर्षी त्यांच्या घरात रोगप्रतिकारशास्त्र घ्यावे की आनुवंशिकी, याआधी कुठल्या शाळा अर्ज तरी घेतील याची यादी बनते.