हिप्पालस : माणूस की वारा?

मोसमी वाऱ्यांचा शोध हिप्पालस नावाच्या ग्रीक नावाड्याने लावला, हे विधान स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास सापडतं. पण ज्या दोन प्राचीन मजकुरांवर ते उभं आहे, त्यांतल्या एकातही असं म्हटलेलं नाही.

पहिला मजकूर ‘पेरिप्लस’चा, म्हणजे तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या व्यापारी वाटा सांगणाऱ्या ग्रीक पुस्तिकेचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यातला. त्याच्या ५७व्या परिच्छेदात लिहिलंय की पूर्वी लहान जहाजं किनारा धरून, आखातांना वळसे घालत जात. पुढे हिप्पालसने बंदरांची ठिकाणं आणि समुद्राचा आकार ध्यानात घेऊन भर समुद्रातली वाट शोधली. शोधली ती वाट. वाऱ्यांचं वर्णन पुढच्या वाक्यात येतं, आणि तिथे शब्द आहेत दोन : ‘एटेसियाई’ आणि ‘लिबोनोटोस’. दुसऱ्याचा अर्थ नैर्ऋत्येचा वारा. पहिला ‘एटोस’ म्हणजे वर्ष या शब्दापासून आलेला. दरवर्षी ठरल्या वेळी येणारे ते. अरबी ‘मौसिम’वरून आपण ‘मोसमी’ म्हणतो, त्यातही हाच विचार आहे.

दुसरा मजकूर रोमन लेखक प्लिनीचा, लॅटिनमधला, इ.स. ७७च्या सुमाराचा. तिथे हिप्पालस हे पश्चिमेच्या वाऱ्याचं स्थानिक नाव म्हणून येतं. माणसाचा पत्ताच नाही.

खरा गुंता इथून सुरू होतो. ‘पेरिप्लस’च्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात, वाऱ्याचं नाव जिथे अपेक्षित आहे तिथे ‘हिप्पालस’ हा शब्द नाही. तो आधुनिक संपादकांनी, प्लिनीच्या आधारे भरला. त्या एका भरलेल्या शब्दामुळे वारा आणि माणूस एकमेकांना चिकटले, आणि ‘वाऱ्याला शोधकाचं नाव दिलं’ ही गोष्ट पक्की झाली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एका इटालियन अभ्यासकाने आणखी पुढे जाऊन दाखवलं की प्लिनीच्या जुन्या हस्तलिखितांत शब्दाचा पहिला स्वरच वेगळा आहे. तो ‘हुपालुम’ असा वाचावा लागतो. मग मूळ ग्रीक शब्द ‘हुफालोस’ ठरतो. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘हाल्स’ म्हणजे मीठ, समुद्र. म्हणजे समुद्राखालून उठून येणारा वारा. यावर आक्षेप असा की ग्रीकमध्ये हा शब्द एरवी पाण्याखालच्या वस्तूंसाठी येतो, वाऱ्यासाठी नाही. आक्षेप रास्त आहे. तरी मला वाऱ्याचं नाव आणि माणसाचं नाव वेगळी धरणंच बरोबर वाटतं. हस्तलिखितात नसलेल्या शब्दावर एका माणसाला अख्ख्या पावसाळी वाऱ्याचं श्रेय देणं मला मान्य नाही.

कारण तो वारा इथल्या दर्यावर्दींना आधीपासून ठाऊक होता. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलेली हकिगत इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरची आहे : तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर एक भारतीय खलाशी अर्धमेल्या अवस्थेत सापडला, त्याला ग्रीक शिकवलं, आणि त्यानेच भारताची वाट दाखवायचं कबूल केलं. स्ट्रॅबोचा स्वतःचा या गोष्टीवर विश्वास नव्हता. पण त्याच्याच काळात तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून भारताकडे १२० जहाजं जात होती, हेही तोच सांगतो.

ही जहाजं इजिप्तहून जुलैत निघत. आधी निघाली असती तर ऐन पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आपटली असती. जुलैत निघालं की वाऱ्याचा जोर ओसरताना, साधारण सप्टेंबरात, किनारा गाठता येई. नारळी पौर्णिमेनंतरच दर्यात होडी लोटणाऱ्या आपल्या कोळ्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

प्लिनी मार्गाचे टप्पेही देतो. आधी अरबस्तानच्या टोकावरून सिंधूच्या मुखाजवळचं पाताल, मग सिगेरस, आणि शेवटी तांबड्या समुद्राच्या तोंडावरच्या ओकेलिसहून थेट केरळमधलं मुझिरिस, ४० दिवसांत. सिगेरस म्हणजे कोकणातलं जयगड, असं काही अभ्यासक मानतात. बंदर जितकं दक्षिणेकडचं, तितकं जहाज वाऱ्याच्या सरळ रेषेपासून तिरकं धरावं लागे. केरळच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्यांबद्दल ‘पेरिप्लस’ एक क्रियापद वापरतो : ‘त्राखेलिझोन्तेस’. ‘त्राखेलोस’ म्हणजे मान. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची मान पिळतात, तशी जहाजाची मान वाऱ्यापासून वळवून धरायची आणि समुद्र पार होईपर्यंत तशीच ठेवायची.