पार्श्वभूमी : लॅपटॉपवरचा डेटाबेस कंटेनरमध्ये कसा गेला

हिंजवडी, खराडी, बाणेर, कुठल्याही ऑफिसात नवीन डेव्हलपर रुजू झाला की पहिल्या दिवसाचा क्रम आता ठरलेला असतो. कोड उतरवून घ्यायचा, टर्मिनलमध्ये 'डॉकर कंपोझ अप' (डॉकर या साधनाला लागणारे प्रोग्रॅम एकत्र सुरू करायला सांगणारी कमांड) टाकायचं आणि चहा पिऊन यायचं. तोवर ५४३२ पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू झालेला असतो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पहिला, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) बाकीच्यांपासून वेगळी ठेवण्याचा; दुसरा, डेटा सांभाळण्याचा. कंटेनर (प्रोग्रॅम असा वेगळा चालवायचा डबा) हवा तेव्हा मोडून नवा उभा करता यावा अशी अपेक्षा असते. डेटाबेसकडून अपेक्षा नेमकी उलटी. या दोघांचं जमायला वेळ लागला, आणि आजही सेटअप करताना माणसं अडतात ती बहुतेक याच सांध्यावर.

पुण्याला डेटाबेस नवा नाही. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेत डेटाबेस विषयात पीएच.डी. केली, परत येऊन १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली आणि कंपनीचं सुरुवातीचं काम त्याच विषयातलं होतं. पोस्टग्रेसचा उगम बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये तो प्रकल्प हाती घेतला आणि १९९६ मध्ये त्याला आजचं पोस्टग्रेस्क्यूएल हे नाव मिळालं. त्याच्यावर उभ्या राहिलेल्या एंटरप्राइझडीबीचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर आपल्याच शहरात आहे. म्हणजे डेटाबेसच्या पोटात शिरून काम करणारी माणसं इथे फार पूर्वीपासून आहेत. पण त्याच शहरात साधं ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या टीममध्ये मात्र प्रत्येकाला स्वतःचा डेटाबेस मिळायची पंचाईत होती.

त्याची कारणं साधी होती : लायसन्सचा खर्च आणि मशीनची मेमरी. ओरॅकलची फुकट एक्सप्रेस एडिशन २००६ मध्ये आली, तीही ४ जीबी डेटा आणि १ जीबी मेमरीच्या मर्यादेत. आणि एकदा बसवली की ती पूर्णपणे काढून टाकणं बसवण्याहून अवघड. त्यामुळे सर्व्हर रूममधल्या एका डेव्ह सर्व्हरवर सगळी टीम आणि बरेचदा सगळ्यांचा मिळून एकच स्कीमा (टेबलांची मांडणी). एकाने टेबलात नवा 'नॉट नल' (रिकामा ठेवता न येणारा) कॉलम घातला की बाकीच्यांचे इन्सर्ट फेल. मग "टेबल कोणी बदललं रे?" अशी हाक बे ओलांडून यायची. वेळ जायचा तो जायचाच, पण मला त्याहून मोठं नुकसान दुसरं वाटतं. आपल्यामुळे दुसऱ्याचं काम बिघडेल या धास्तीने लोक डेटा पुसून पाहत नसत, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) उलटं चालवून पाहत नसत. डेटाबेस शिकायचा तर तो मोडून पाहता आला पाहिजे, आणि तेवढीच मोकळीक तिथे नव्हती.

मधला उपाय व्हर्च्युअल मशीनचा (व्हीएम), म्हणजे मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनचा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन १९९९ चं, व्हेग्रंट २०१० चं. व्हेग्रंटने एका फाइलवरून सगळ्यांना सारखं मशीन मिळू लागलं, ही मोठीच गोष्ट होती. पण प्रत्येक मशीनला स्वतःचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि मेमरीतला राखून ठेवलेला वाटा लागायचा. ४ जीबीच्या लॅपटॉपवर आयडीई (कोड लिहायचं ॲप), ब्राउझर आणि वर एक व्हीएम म्हटलं की काम रेंगाळायचंच.

प्रोसेस वेगळी ठेवण्याचा इतिहास याहून जुना आहे. युनिक्समध्ये 'सीएचरूट' १९७९ मध्ये आलं : प्रोसेसला दिसणारी मूळ डिरेक्टरीच बदलून टाकायची. २००० मध्ये फ्रीबीएसडीने 'जेल' दिलं, २००५ मध्ये सोलारिस १० ने 'झोन'. लिनक्समध्ये नेमस्पेस (प्रोसेसला सिस्टिमचा फक्त तिचा वेगळा भाग दाखवणाऱ्या सोयी) २००२ पासून एकेक करून येत गेल्या. मेमरी आणि सीपीयूवर लगाम घालणारे सीग्रुप्स गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केले. जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते दाखल झाले आणि त्याच वर्षी एलएक्ससी हे कंटेनर चालवायचं साधन आलं. मार्च २०१३ मध्ये डॉकर बनवणाऱ्या सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या पायथॉनच्या परिषदेत पाच मिनिटांत डॉकर दाखवलं, तेव्हा कर्नलमधलं काम बहुतेक होऊन गेलेलं होतं. डॉकरने त्यात भर घातली ती इमेजची, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याची. थरांनी बनलेली, एका कमांडने खाली उतरणारी, सगळीकडे सारखी.

मात्र याच थरांपायी डेटाबेसची अडचण झाली. इमेजचे थर फक्त वाचता येतात. कंटेनर लिहितो तो सगळ्यात वरच्या थरावर, आणि कंटेनर काढला की तो थरही जातो. म्हणून डेटा बाहेर, व्हॉल्यूममध्ये (कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या साठ्यात) ठेवायचा. सुरुवातीला त्यासाठी निव्वळ डेटा धरून ठेवणारा वेगळा कंटेनर बनवायची पद्धत होती. नोव्हेंबर २०१५ च्या डॉकर १.९ मध्ये नाव देऊन व्हॉल्यूम बनवायची स्वतंत्र कमांड आली आणि ती कसरत संपली.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूम आधीच जाहीर केलेला असतो. तुम्ही नाव दिलं नाहीत, तर डॉकर स्वतःच एक बिननावाचा व्हॉल्यूम बनवतो. कंटेनर काढून नवा केला की त्याला दुसरा कोरा व्हॉल्यूम मिळतो आणि "डेटा गेला" म्हणून धावपळ होते. पुष्कळदा तो गेलेला नसतो. 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' करून यादी पाहिली की लांबलचक हॅश (आकडे-अक्षरांच्या) नावाखाली पडलेला सापडतो. 'कंपोझ डाउन'नेही व्हॉल्यूम टिकतो, पण त्यापुढे 'व्ही'चा पर्याय जोडला की खरोखर पुसला जातो. पासवर्डचंही तसंच. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधला (कंटेनरला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधला) पासवर्ड आणि सुरुवातीच्या स्क्रिप्ट डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तेव्हाच वापरल्या जातात. नंतर कंपोझ फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये) पासवर्ड बदलला तरी आतला जुनाच राहतो, आणि लॉगिन का होत नाही हे शोधण्यात दुपार जाते. पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ (म्हणजे फक्त आपलं स्वतःचं मशीन) घालावं हेही सांगायला हवं. नाहीतर डॉकर तो पोर्ट मशीनच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो, कॅफेच्या वायफायवरसुद्धा.

ही कंपोझ फाइल मुळात 'फिग' नावाच्या साधनाची. डॉकरने २०१४ मध्ये फिग बनवणारी कंपनी विकत घेतली आणि नाव बदललं. मॅक आणि विंडोजसाठी डॉकरचं आजच्या वळणाचं ॲप २०१६ मध्ये आलं. त्याच्याही खाली एक लिनक्स व्हीएम असतोच. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉपच्या अटी बदलल्या : २५० हून जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना पैसे भरणं आलं. पुण्यातल्या मोठ्या आयटी कंपन्या या मर्यादेच्या कितीतरी पुढे, त्यामुळे रेड हॅटच्या पॉडमनसारखे पर्याय चर्चेत आले. इमेजचा नमुना २०१५ पासून खुल्या मानकाच्या वाटेवर असल्यामुळे तीच पोस्टग्रेस इमेज पॉडमनवरही चालते.

सांध्यावरची कुरबुर अजून चालू आहे. पोस्टग्रेसच्या डेटा फाइलींचा साचा मोठ्या आवृत्तीगणिक बदलतो; १७ ने लिहिलेली डिरेक्टरी १८ थेट उघडत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ च्या इमेजने डेटाची जागाही हलवली. व्हॉल्यूम आता एक पायरी वर जोडायचा आणि आत आवृत्तीच्या आकड्याची डिरेक्टरी. कंपोझ फाइलमध्ये 'लेटेस्ट' लिहून ठेवलं असेल, तर इमेज नव्याने ओढल्यावर डेटाबेस सुरूच होणार नाही. तिथे आवृत्तीचा आकडा लिहावा आणि पुढच्या आवृत्तीवर जाताना आधी 'पीजी डंप' (डेटाची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढून तो नव्या व्हॉल्यूममध्ये भरावा.