फर्माला तोंडघशी पाडणारा आकडा: ४,२९,४९,६७,२९७

२ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा परत वर्ग, परत वर्ग, असं करत जा आणि दर टप्प्याला १ मिळवून बाजूला लिहून ठेवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ असे आकडे येतात आणि पाचही चक्क मूळ संख्या आहेत. फ्रेंच गणिती फर्माने १६४० साली हे बघितलं आणि म्हणाला की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. सिद्धता त्याच्याकडे नव्हती पण खात्री मात्र पक्की!

सहावा आकडा म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १, आपला हा ४ अब्ज २९ कोटीवाला. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिलं की याला ६४१ ने भाग जातो, ६४१ × ६७००४१७, विषय संपला.

आता ६४१ च कसं सापडलं? या आकड्याला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिच्यातून १ वजा केला तर उरलेल्याला ६४ ने भाग जायलाच हवा, हे पुढे ऑयलरनेच सिद्ध केलं. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्या चारच बघायच्या आणि पाचवी ६४१. आणि यासाठी जो नियम लागतो तो फर्माचाच, त्याच १६४० सालचा, म्हणजे हत्यार हातात असून गड्याने चालवलंच नाही. बरं, काही डोकं न लावता २, ३, ५, ७ ने भाग देत सुटला असता तरी ६४१ चा नंबर ११६वा लागतो, एवढं तर त्या काळातही कागदावर जमलं असतं राव.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. हा आकडा ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे हे तर उघडच आहे, पण ६२२६४ चा वर्ग आणि २०४४९ चा वर्ग यांची बेरीज केली तरी हाच येतो, करून बघा. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे लिहिताच येत नाही, त्यामुळे एकही भाजक माहीत नसताना नुसत्या यावरून कळतं की हा मूळ नाही.

याच्या शेजारचे आकडेही भारी आहेत. कॉम्प्युटरच्या ३२ बिटमध्ये (म्हणजे ०-१ च्या ३२ घरांत) मावणारा सगळ्यात मोठा आकडा याच्यापेक्षा बरोबर २ ने कमी, आणि तो म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, वरच्याच पाच जणांचा गुणाकार! गाउस या गणितज्ञाच्या कामामुळे आपल्याला माहितीये की तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो (कागद कुठून आणायचा ते विचारू नका), आणि बाजूंची संख्या विषम असलेला असा याहून जास्त बाजूंचा बहुभुज आजवर कुणाला माहीत नाही. तो मिळायला फर्माच्या यादीत आणखी एक मूळ संख्या सापडायला हवी, पण सहाव्यापासून तेहतिसाव्या आकड्यापर्यंत सगळेच्या सगळे संयुक्त निघालेत.