ब्राउनीय गती

द्रवात किंवा वायूत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची अखंड व अनियमित हालचाल म्हणजे ब्राउनीय गती. सुमारे एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांत ती ठळकपणे दिसते. द्रव्य सलग नसून रेणूंचे बनलेले आहे आणि ते रेणू क्षणभरही स्वस्थ नसतात, याचा सूक्ष्मदर्शकातून दिसणारा पुरावा म्हणून भौतिकीत या गतीला मोठे स्थान आहे.

ती पाहायला फारशी साधने लागत नाहीत. दुधाचा थेंब भरपूर पाण्यात मिसळावा, त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन वर पातळ आच्छादक काच ठेवावी आणि तिच्या कडा व्हॅसलिनने बंद कराव्यात. चारशे पट मोठे करून पाहिले की स्निग्धांशाचे गोलक दिसतात. मोठे गोलक जवळजवळ जागच्या जागी असतात; बारीक गोलक मात्र थरथरत, क्षणाक्षणाला दिशा बदलत भरकटत राहतात. कडा उघड्या राहिल्या तर पाणी उडून जाताना सगळे गोलक एकाच दिशेने वाहू लागतात. तो केवळ प्रवाह होय. शेजारच्या दोन कणांच्या हालचालींत काडीचाही मेळ नसणे, ही ब्राउनीय गतीची खरी खूण आहे. याच कारणाने कवडशात नाचणारी धूळ हे तिचे चांगले उदाहरण ठरत नाही, कारण ती मुख्यतः हवेच्या झोतांवर हलते. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या परंपरेने मात्र कवडशातल्या याच कणाला ‘त्रसरेणू’ म्हटले आणि तो सहा परमाणूंचा मानला. ते तर्काने केलेले अनुमान होते, तरी दृश्य कणावरून अदृश्य घटकाकडे जाण्याची त्यामागची दिशा लक्षणीय आहे.

स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये क्लार्किया पुल्केला या वनस्पतीच्या परागांचे निरीक्षण करताना ही हालचाल पाहिली. त्यांना परागकणच हलताना दिसले, असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. हलत होते ते परागकणांच्या आतले कितीतरी लहान कण. ही जीवनशक्तीची लीला असावी, ही शंका त्यांनी स्वतःच तपासली. काच, खनिजे आणि ईजिप्तमधील स्फिंक्सचा एक तुकडा यांची पूड पाण्यात टाकल्यावर तीही तशीच हलली. पुढे त्यांनी कण असलेले पाण्याचे थेंब बदामाच्या तेलात कोंडून पाहिले. बाष्पीभवन थांबले, हालचाल थांबली नाही. ब्राउन यांना कारण सापडले नाही, पण चुकीची कारणे त्यांनी ज्या चिकाटीने बाद केली तिचे मोल कमी नाही.

कारण आहे रेणूंच्या धडका. पाण्याच्या रेणूपेक्षा एक मायक्रोमीटरचा कण तीन हजारांहून अधिक पटींनी रुंद असतो, तेव्हा एका धडकेने तो हलणे अशक्यच. परंतु चहूबाजूंनी बसणाऱ्या असंख्य धडका कोणत्याही क्षणी तंतोतंत समतोल नसतात आणि उरलेल्या फरकाने कण ढकलला जातो. कण मोठा असेल तर हा फरक नगण्य ठरतो. अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये आणि मारियान स्मोलुखोव्स्की यांनी १९०६ मध्ये याचे गणित मांडले. कणाच्या विस्थापनाच्या, म्हणजे मूळ जागेपासून सरळ रेषेतल्या अंतराच्या, वर्गाची सरासरी काळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट दूर जायला चौपट वेळ लागतो. १७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक मायक्रोमीटर व्यासाचा कण सेकंदात सुमारे ०.८ आणि मिनिटात सुमारे ६ मायक्रोमीटर सरकेल, असे आइनस्टाइन यांचे भाकीत होते.

ते पडताळले फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेराँ यांनी. आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतील झाडांपासून मिळणारी गँबोज ही पिवळी राळ त्यांनी वापरली. एक किलोग्रॅम राळ महिनोन्‌महिने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यांनी सारख्या आकाराचे कण वेगळे केले, ते भरले जेमतेम काही दशांश ग्रॅम. हे कण पाण्यात सोडल्यावर सगळे तळाशी बसले नाहीत. दर ३० मायक्रोमीटर उंचीला त्यांची संख्या साधारण निम्मी होत गेली. वातावरणात हवा अशीच विरळ होत जाते, फक्त तिथे निम्मी व्हायला सहा किलोमीटरच्या आसपास उंची लागते. या मोजणीवरून पेराँ यांनी एका मोलमधील (रसायनशास्त्रात पदार्थ मोजण्याच्या एककातील) रेणूंची संख्या काढली, ती सातावर २३ शून्ये एवढ्या संख्येच्या जवळपास आली. आजचे मान ६,०२२ या आकड्यापुढे २० शून्ये एवढे आहे. स्वतंत्र पद्धतींतून जवळजवळ तेच उत्तर मिळाल्यावर अणू ही केवळ सोयीची कल्पना आहे असे म्हणणाऱ्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनीही आपले मत बदलले. पेराँ यांना १९२६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

द्रव्याचे अनेक गुणधर्म याच हालचालीशी बांधलेले आहेत. पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापवले तर केवल तापमान, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेले तापमान, जेमतेम सातव्या भागाने वाढते, पण श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, निम्म्याहून खाली येते, म्हणून कणांची भ्रमंती चांगलीच वाढते. विसरण, म्हणजे पदार्थाचे आपोआप पसरत जाणे, हीदेखील रेणूंची अशीच भ्रमंती होय. ग्लुकोजचा रेणू पाण्यात पेशीएवढे, म्हणजे दहा मायक्रोमीटर, अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत कापतो. एक सेंटिमीटर जायला मात्र त्याला सुमारे वीस तास लागतात. त्यामुळे पेशीचे काम विसरणावर भागते, पण मोठ्या प्राण्याला रक्ताभिसरण लागते आणि चहात टाकलेली साखर चमच्याने ढवळावी लागते.