वेल लावण्याआधी मांडव उभा करा

जाळी किंवा मांडव नेलेल्या ग्राहकांची आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच असते: "वेल वाढतोय भरपूर, पण चढतच नाही." पाहायला गेलं की बहुतेक वेळा वेल आणि आधार यांची जोडी चुकलेली दिसते. म्हणून हे माहितीपत्रक.

तुमचा वेल धरतो कसा?

घेवडा, चवळी, वाल आणि मायाळू यांचं खोडच आधाराभोवती पिळे घालत वर जातं. त्यांना उभी काठी किंवा ताणलेली सुतळी पुरते. आडव्या तारा त्यांच्या फारशा कामाच्या नाहीत. काकडी, कारलं, दोडका, दुधी, पडवळ हे तणाव्यांनी, म्हणजे खोडातून फुटणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक तंतूंनी धरतात. काकडीचा तणावा एकदा जवळून बघाच. टोक जाळीला शिवलं की ते वळसा घालतं, मग मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट्या दिशेने. त्यामुळे वेल जाळीकडे ओढला जातो आणि वाऱ्याचा हिसका बसला तरी तुटत नाही. वाटाण्याचे तणावे मात्र नाजूक. बोटाएवढ्या जाड बांबूला त्यांचा वेढाच पुरत नाही; त्यांना दोरा किंवा बारीक काटक्या द्या. टोमॅटो स्वतःहून चढत नाही, त्याला बांधावंच लागतं. बांधताना सुतळीचा इंग्रजी आठचा आकडा करा, एक फास खोडाला सैल आणि दुसरा काठीला घट्ट.

उभारणी

मांडव पेरणीआधीच उभा करा. रोपं हातभर झाल्यावर खांब ठोकले तर मुळं दुखावतात. जमिनीवर 2 मीटर उंची हवी असेल, तर निदान 45 ते 60 सेंमी खांब जमिनीत जाऊ द्या. इथे काटकसर करू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. रिकाम्या जाळीतून वारा आरपार जातो, पण पानांनी भरलेली जाळी शिडासारखी वारा अडवते, आणि त्यात दुधीचं वजन! जाळीचं भोक 10 ते 15 सेंमीचं घ्या, म्हणजे हात घालून फळ बाहेर काढता येतं. बारीक भोकात कोवळी काकडी अडकते आणि तिथेच फुगत जाते.

काकडीच्या दोन रोपांत 30 ते 45 सेंमी अंतर पुरतं, दुधीला मीटरभर तरी द्या. दाटी झाली की हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी) लवकर येते.

फुलं येतात, फळ धरत नाही?

सुरुवातीची फुलं बहुधा नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ दिसतं. ते पिवळं पडून गळत असेल, तर बहुतेक वेळा परागीभवन कमी पडलेलं असतं. नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवा. काकडी आणि कारल्यासाठी हे सकाळी करा. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दुधीसाठी दिवेलागणीची वेळ.

हंगाम संपल्यावर

हिरवा वेल ओढून काढू नका, जाळी ताणली जाऊन फाटते. बुडाशी कापा आणि आठवडाभर तसाच वाळू द्या. मग तणावे हाताने चुरडले की सुटतात, आणि तीच जाळी पुढच्या पेरणीलाही वापरता येते.