ब्लूज व लोकगायकांची गाणी आणि बाजाराची मागणी

अमेरिकेतील ब्लूज (कृष्णवर्णीयांमध्ये रुजलेला गायनप्रकार) आणि लोकसंगीताच्या कलावंतांनी कोणती गाणी गावीत, कोणती ध्वनिमुद्रित करावीत आणि कोणती बाजूला ठेवावीत, हे विसाव्या शतकात बऱ्याच अंशी ध्वनिमुद्रिका कंपन्या, स्वामित्वहक्काचा कायदा आणि तिकीट काढून येणारे श्रोते यांनी ठरवले. जुन्या तबकड्यांवरून एखाद्या गायकाची ओळख बांधताना हे विसरले, तर त्याच्यावर अन्याय होतो.

मेमी स्मिथ हिने ऑगस्ट १९२० मध्ये ‘ओके’ कंपनीसाठी गायलेले ‘क्रेझी ब्लूज’ प्रचंड खपले. कृष्णवर्णीय ग्राहकांचा बाजार लक्षात येताच कंपन्यांनी त्यांच्यासाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि ग्रामीण गोऱ्या ग्राहकांसाठी ‘हिलबिली’ अशा वेगळ्या मालिका काढल्या. प्रत्यक्षात गावोगावचे वादक असे विभागलेले नव्हते. नाचाच्या रात्री वॉल्ट्झ, पोल्का, फिडलच्या (व्हायोलिनच्या) चाली, नुकतेच गाजलेले चित्रपटगीत, जी फर्माईश होईल ती पुरी करणे हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये मुद्रित केलेली २९ गाणी बहुतांशी ब्लूजच आहेत. पण त्याच्यासोबत भटकलेला जॉनी शाइन्स सांगत असे, की जॉन्सन पोल्कापासून लोकप्रिय प्रेमगीतांपर्यंत सारे वाजवी. ब्लूज गायक मडी वॉटर्स मिसिसिपीतील मळ्यावर राबत होता, त्या काळात तो जीन ऑट्री या गोऱ्या ‘काउबॉय’ गायकाची गाणीही गात असे. कृष्णवर्णीय फिडलवादकांचे तर अतोनात नुकसान झाले: मिसिसिपी शीक्स या वाद्यवृंदासारखे थोडे अपवाद सोडले, तर त्यांची कला तबकडीवर फारशी उतरलीच नाही.

याहून खोल परिणाम कायद्याने केला. १९०९ च्या अमेरिकन कायद्यानुसार तबकडीवरील गाण्यामागे हक्कधारकाला दर प्रतीला २ सेंट मिळत. परंपरेने आलेल्या गाण्यावर कुणाचाच हक्क नसल्याने त्यात ही कमाई नव्हती. १९२७ मध्ये टेनेसीतील ब्रिस्टल येथे कार्टर कुटुंब हा गायकसंच आणि गायक जिमी रॉजर्स यांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या राल्फ पीअरला म्हणूनच नवी, किंवा नवी म्हणून नोंदवता येतील अशी गाणी हवी असत. या कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगराळ भागात गाणी गोळा करत हिंडला. चाली लक्षात ठेवायला लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक सोबत असे. जमवलेली अनेक गाणी पुढे कार्टरच्या नावावर नोंदली गेली. मिसिसिपीतील जॅक्सन शहरातला दुकानदार एच. सी. स्पीअर हा कंपन्यांसाठी गायक हेरत असे. त्यालाही गायकाकडे किमान चार स्वतःची गाणी लागत. त्यातच तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तासन्‌तास चालणारे नाचाचे गाणे तिथे मोजक्या कडव्यांत कापावे लागे.

विसाव्या शतकाच्या मध्यास शहरी श्रोते जुन्या लोकसंगीताकडे नव्याने वळले; या पुनरुज्जीवनाने बाजाराचा जाच कमी केला, असे मानण्याचा प्रघात आहे. ते मला पटत नाही. त्या श्रोत्यांना ‘अस्सल’ गायक हवा होता आणि तीही मागणीच होती. ब्लूज गायक बिग बिल ब्रूंझी शिकागोत वाद्यवृंदासह शहरी गाणी मुद्रित करत असे. १९५० च्या दशकात युरोपात तो एकट्या गिटारवर जुनी ग्रामीण गाणी गाऊ लागला. ब्लूज गायक लॉनी जॉन्सनला भावगीतवजा प्रेमगीते मनापासून आवडत, आणि १९४८ चे त्याचे मोठे यशही तसल्याच गाण्याचे होते; तरी १९६० नंतरच्या चाहत्यांनी त्याच्याकडे ब्लूजच मागितले. १९५८ मध्ये मडी वॉटर्सची विजेवरची गिटार काही ब्रिटिश श्रोत्यांना कर्कश वाटली. म्हणून १९६३ मध्ये तो साधी गिटार घेऊन गेला, तर तोवर तिथल्या तरुणांना विजेवरचीच गिटार हवी झाली होती.